जिना झाडण्याचा आठवडा

जर्मनीहून शारजाला परतल्यावर आमच्या अल नहदाच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकीने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "काय काय बघितलंस?" किल्ला बघितला, चर्च बघितलं, नदी बघितली, असं मी सांगत गेले, कारण नवव्या मजल्यापर्यंत तेवढंच सांगून होतं. खरं उत्तर असं की नऊ दिवसांत मी एक जिना बघितला. लाकडी, एक्केचाळीस पायऱ्यांचा, मधे दोनदा वळणारा. सतरावी पायरी करकरते आणि तेविसावी मधोमध खचलेली आहे. हे मला पाठ आहे, कारण त्यातल्या निम्म्याहून जास्त पायऱ्या मी गुडघ्यांवर बसून पुसल्या आहेत.

ट्युबिंगेन हे दक्षिण जर्मनीतलं विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ पाचशे वर्षांहून जुनं आणि गाव त्याहून जुनं. माझी मुलगी मैत्रेयी तिथं जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करते. वर्षातून चार-पाच वेळा पाऊस बघत मोठ्या झालेल्या मुलीने हा विषय का घ्यावा, हे मला कळलं नव्हतं. माझा नवरा सुहास म्हणाला, "म्हणूनच घेतला असेल." ती ऑक्टोबरमध्ये गेली. मी इथल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते, तर वसंताच्या सुट्टीत तिला भेटून यावं असं ठरलं.

पण मी नुसती भेटायला चालले नव्हते. फेब्रुवारीत सुहासच्या कंपनीने त्याला सांगितलं होतं की जूनअखेर तुमचं काम संपेल. गल्फमध्ये नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की गाशा गुंडाळायचा. हे तेवीस वर्षं आम्हाला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं, आणि सगळेच ते दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं वागतात. पुण्याला बावधनमध्ये फ्लॅट होता, उपाशी मरणार नव्हतो. प्रश्न एकच होता, मैत्रेयीला सांगायचं कसं? दर रविवारी फोनवर ती "जुलैमध्ये घरी आले की" अशी वाक्यं सुरू करायची, आणि घरी म्हणजे तिच्या लेखी अल नहदा.

"समोर बसून सांग," सुहास म्हणाला. "आणि पहिल्याच दिवशी सांगून मोकळी हो. खलास."

उंटावरून शेळ्या हाकायला सुहासला फार आवडतं.

बुधवार

घर बघून मी आधी घाबरलेच. पांढऱ्या भिंतींत काळ्या-तपकिरी लाकडांच्या आडव्या-तिडव्या तुळया, आणि सगळं घर शेजारच्या घरावर किंचित रेललेलं. "पडणार नाही ना गं हे?" मी विचारलं. "चारशे वर्षं नाही पडलं आई, यू आर नॉट दॅट हेवी," मैत्रेयी म्हणाली.

दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. ब्रेनरबाई. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, केस कापसासारखे आणि अंगावर इस्त्रीचा ॲप्रन. त्यांनी माझा हात हातात घेऊन एकदाच खाली-वर हलवला आणि मग माझ्या बुटांकडे बघितलं. मी बूट काढले. त्यांनी मान डोलावली. तळमजल्यावर त्या एकट्या राहतात, वरच्या तीन मजल्यांवर तीन विद्यार्थी. मैत्रेयीची खोली अगदी वर, कौलांखाली. लिफ्ट नाही. तेवीस वर्षांत मी आग लागल्याच्या सरावाखेरीज जिना चढले नव्हते, आणि इथं तीस किलोची बॅग घेऊन एक्केचाळीस पायऱ्या. आम्ही दोघी आणि बॅग वर पोहोचलो तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं.

बॅग उघडली. चकल्या, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, सगळं मी कौतुकाने पलंगावर मांडलं. मैत्रेयीने "थँक्स आई" म्हणत ते बाजूला सारलं आणि तळातली पिशवी काढली. त्यात तिने सांगितलेल्या वस्तू होत्या. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला झातर, म्हणजे ती तिळाची आंबट हिरवी पूड, करक चहाची पत्ती आणि लाल पाकिटातले झणझणीत चिप्स, जे ही मुलं पराठ्यात चुरून खातात. झातरची पुडी तिने नाकाशी धरली आणि तिचे डोळे भरले. मी रात्री जागून भाजलेल्या भाजणीकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

पलंगावरच्या उतरत्या छताला तिने एक फोटो चिकटवला होता. आमच्या नवव्या मजल्याचा कॉरिडॉर, आणि त्यात गुलाबी सायकलवर पाच वर्षांची ती. शारजाच्या टॉवरमधली मुलं अंगणात सायकल शिकत नाहीत. ती लिफ्टपासून शेवटच्या फ्लॅटपर्यंतच्या टाइल्सवर शिकतात. फोटोशेजारी कॅलेंडर होतं, आणि जुलैच्या पंधरा तारखेभोवती लाल वर्तुळ.

"हंड्रेड-सम डेज," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी काहीच करणार नाही. फक्त आपल्या बाल्कनीत बसून करक."

मी चकल्या पुन्हा डब्यात भरल्या. प्रवासाचा शीण आहे, उद्या सांगू, अशी स्वतःची समजूत घातली.

गुरुवार आणि शुक्रवार

गाव फिरायला दोन तास पुरतात, पण मैत्रेयीने दोन दिवस लावले, कारण तिला मला सगळं दाखवायचं होतं. नेकार नदीच्या काठाला एक उंच दगडी भिंत आहे. ऊन पडलं की विद्यार्थी तिच्यावर ओळीने बसतात, पाय पाण्याच्या बाजूला सोडून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. नदीत लांबट सपाट होड्या असतात आणि मागे उभा राहून एकजण बांबूने त्या ढकलतो. गुरुवारी ऊन होतं. शुक्रवारी सकाळी बर्फ भुरभुरला आणि दुपारी पुन्हा ऊन. "एप्रिल त्याला हवं तसं वागतो, अशी म्हण आहे इथं," ती म्हणाली. मार्च अजून संपला नव्हता, पण त्याने बहुधा सराव सुरू केला होता.

माणसांसाठीच्या लाल सिग्नलला आम्ही थांबलो. रस्ता डोळे मिटून ओलांडावा इतका रिकामा. "चल की," मी म्हटलं. ती हलेना. "आई, समोर लहान मुलगा आहे. ही इज वॉचिंग." आमच्याकडे मी सिग्नल पाळते तो दंडाच्या धाकाने. इथं समोरच्या चार वर्षांच्या मुलाच्या धाकाने अख्खं गाव उभं राहतं. मला ते आवडलं.

दुपारी तिने मला इथली खासियत खाऊ घातली, हाताने पाडलेल्या शेवयांचे जाड तुकडे, वर वितळलेलं चीज आणि कुरकुरीत तळलेला कांदा. चौदा युरोचे साठ दिरहॅम, साठ दिरहॅमचे चौदाशे रुपये, असा मी मोठ्याने हिशेब केला. "आई, प्लीज, वेट्रेसला हिशेब कळत नसला तरी चेहरा कळतो," मैत्रेयी म्हणाली. शेवया उत्तम होत्या. थोडी हिरवी मिरची हवी होती.

दोन्ही दिवशी मी सांगायचं ठरवलं आणि दोन्ही दिवशी नाही सांगितलं. भिंतीवर बसल्यावर ती इतकी खुशीत होती, की उठताना सांगू असं वाटलं, आणि उठताना बर्फ आला. मुलीला वाईट बातमी द्यायला हवामानाची वाट बघणारी आई मी पहिलीच नसेन.

शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो तर खोलीच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. तिच्यावर झाडूचं चित्र आणि खाली एक लांबलचक शब्द.

"केरवोखे," मैत्रेयीने वाचून दाखवलं. पहिली दोन अक्षरं ऐकून मी म्हटलं, हे तर मराठीच.

झाडण्याचा आठवडा, असा त्याचा अर्थ. या भागातली जुनी पद्धत. घरातल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा सामायिक जिना, दार आणि समोरचा फरसबंदीचा तुकडा झाडून-पुसून स्वच्छ ठेवायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दाराला पाटी. रविवारी संध्याकाळी आपलं काम नीट झालं की ती आपणच नेऊन पुढच्याच्या दाराला लावायची. मधल्या मजल्यावरचा पोरगा दोन दिवस आधीच घरी निघाला होता, म्हणून त्याचा उरलेला आठवडा मैत्रेयीने पूर्ण करायचं ठरलं होतं आणि पाटी शुक्रवारीच आली होती. "पहिल्यांदा माझी टर्न होती तेव्हा ब्रेनरबाईंनी कठड्याच्या खालून बोट फिरवून बघितलं होतं," मैत्रेयी म्हणाली. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, जरासा अभिमान होता.

आमच्याकडे हे काम नातूरचं. नातूर म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, झाडूवाला, पार्सल घेणारा, सगळं एकच माणूस. आमचे बशीरभाई पेशावरकडचे. मैत्रेयीच्या सायकलच्या चाकांचे काळे पट्टे त्यांनीच वर्षानुवर्षं घासले. तेवीस वर्षांत मी माझ्या उंबऱ्याबाहेर झाडू लावला नव्हता, आणि कुणी लाव असं म्हटलंही नव्हतं.

शनिवार

सकाळी मैत्रेयीची जर्मन भाषेची परीक्षा होती. "जिना मी दुपारी करते, तू झोप," असं सांगून ती गेली. आता आई घरात आहे, हातपाय धड आहेत, आणि लेकीची परीक्षा आहे. झोपेन कशी? शिवाय सांगायची गोष्ट अजून सांगायची राहिली होती, आणि मन हलकं करायचा मला एकच उपाय ठाऊक आहे, घासणं.

बाथरूममध्ये बादली सापडली. कपड्यांचा साबण सापडला. मी सलवार वर खोचली, आणि आपल्याकडे दिवाळीच्या आधी जिना धुतात तसा, सर्वांत वरच्या पायरीवरून एक बादली फेसाचं पाणी सोडून दिलं. मग दुसरी. मग खराट्याने खसाखसा. पाणी कसं छान धबधब्यासारखं उतरत होतं! तिसरी बादली ओतताना मला वाटलं, चारशे वर्षांत हा जिना इतका स्वच्छ कधी झाला नसेल. चौथी ओतली आणि खालून किंकाळी आली.

माझ्या डोक्यात जे आलं नाही ते असं, की हा जिना लाकडाचा आहे. फळ्यांना फटी आहेत. खाली मोरी नाही, टाइल्स नाहीत, पाणी जायला भोक नाही. फळ्यांखाली ब्रेनरबाईंची जेवणाची खोली आहे. ईस्टर जवळ आलं होतं, म्हणून त्यांनी टेबलावर पांढराशुभ्र कापडी रुमाल अंथरून, फुलदाणीतल्या फांद्यांना हाताने रंगवलेली पोकळ अंडी टांगली होती. त्या अंड्यांवर छतातून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

जमिनीखालचं पाणी शिकणाऱ्या मुलीच्या आईने छतातलं पाणी करून दाखवलं. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

ब्रेनरबाई दारात आल्या. "वासर! होल्त्स!" त्या ओरडत होत्या, म्हणजे पाणी, लाकूड. "क्लीन! क्लीन!" मी वरून ओरडत होते. मग त्या आत गेल्या आणि कवेत ढीगभर टॉवेल घेऊन आल्या, अर्धे माझ्याकडे फेकले आणि स्वतः खालच्या पायरीवर गुडघे टेकले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई! मी वरून, त्या खालून. एकेक पायरी, एकेक फट. टॉवेल संपले तेव्हा मी माझी ओढणी घेतली. तासभर पुसत होतो. सतराव्या पायरीवर भेटलो, तेव्हा ती करकरली आणि त्याच वेळी दार उघडून मैत्रेयी आत आली.

तिने ओला जिना बघितला, टॉवेल बघितले, उघड्या दारातून छतावरचा भला मोठा डाग बघितला. ब्रेनरबाई तिच्याशी पटापट काहीतरी बोलल्या आणि आत जाऊन त्यांनी दार लावलं.

"आई, व्हॉट हॅव यू डन?" तिचा आवाज चिरकला. "हे शारजा नाहीये! इथं बशीरभाई नाहीत मागून निस्तरायला! या गावात खोली मिळायला लोक वर्ष-वर्ष थांबतात. शी विल थ्रो मी आउट."

"मी भरून देईन, अगं, रंगाचा खर्च..."

"इट्स नॉट द मनी!" ती जिन्यातच बसली. मग नाक पुसत म्हणाली, "ठीक आहे. वर्स्ट केस, सोडून देते सगळं. आय्ल जस्ट गो होम."

आणि मी, तीन दिवस शब्द जुळवत असलेली मी, हातात पिळायचं ओलं फडकं घेऊन म्हणाले, "घर नाहीये गं. जूननंतर आपलं शारजाचं घर नाहीये."

सांगायची ही काही पद्धत झाली? मला आजही स्वतःची लाज वाटते. सुहासचं काम संपतंय, फ्लॅट सोडायचाय, पुण्याला जायचंय, हे सगळं मी मग भराभर सांगितलं. ती शांतपणे उठली, ओल्या पायऱ्या चुकवत वर गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं. झाडूची पाटी मुठीवर थोडा वेळ हलत राहिली.

मी बाहेरच्या पायरीवर बसून रडले. मुलगी रडेल म्हणून सांगायला घाबरत होते आणि रडत मीच होते.

रविवार

सकाळी मैत्रेयी स्वतःहून नदीच्या भिंतीवर घेऊन गेली. दुकानं बंद, गाव चिडीचूप. पाय पाण्याच्या बाजूला सोडून बसत ती म्हणाली, "म्हणजे आता मी गेले तर व्हिजिट व्हिसावर जायचं?"

"हो."

"टुरिस्ट म्हणून. जिथं माझा जन्म झाला तिथं." ती कसंनुसं हसली. "इथं सगळे विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम? मी शारजा म्हणते. ते म्हणतात, पण पासपोर्ट तर इंडियन आहे. मी म्हणते, इट्स कॉम्प्लिकेटेड, बट माय होम इज देअर. आता काय सांगू?"

आम्ही तिथं गेलो तेव्हा पाच वर्षांत परतायचं ठरवून गेलो होतो. आमचं घर कायम पुण्यात होतं आणि शारजात नुसतं सामान होतं, असं आम्ही मानत आलो. त्या सामानात एक मूल मोठं होत होतं आणि त्याला तेच घर वाटत होतं, हे आम्ही कधी लक्षातच घेतलं नाही. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. "चुकलं आमचं," असंही म्हटलं.

"नाही गं, तसं नाही," ती म्हणाली आणि तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

परत आलो तर ब्रेनरबाई दाराशीच. त्यांनी आम्हाला त्यांच्या जेवणाच्या खोलीत बसवलं. डागाच्या बरोब्बर खाली. कॉफी आणि केक आला. मी गोडाच्या डब्यातून नेलेले बेसनाचे लाडू पुढे केले. त्यांनी एक खाल्ला आणि दुसरा विचारून घेतला. मग त्या मैत्रेयीशी बोलत राहिल्या आणि मैत्रेयी मला सांगत राहिली.

"म्हणतायत, डाग वाळला की त्यांचा पुतण्या रंग देईल. अंडी त्या पुन्हा रंगवतील, हिवाळ्यात तसंही काम नसतं." मग तिने कप खाली ठेवला. "मी त्यांना विचारलं, खोली सोडावी लागेल का? तर त्या चिडल्या. म्हणतायत, आज रविवार आहे, तुझा आठवडा संध्याकाळपर्यंत आहे, तळघराच्या पायऱ्या अजून राहिल्यात, आणि तू खोलीचं काय विचारतेस?"

ब्रेनरबाई उठल्या. कपाटातून एक फडकं काढून त्यांनी ते नळाखाली भिजवलं आणि पिळलं, पुन्हा पिळलं, इतकं की एक थेंब गळेना. ते माझ्या गालाला लावून त्या म्हणाल्या, "नेबेलफॉयख्ट."

"धुक्याइतकं ओलं," मैत्रेयी म्हणाली. "लाकूड असं पुसायचं."

तळघराच्या नऊ पायऱ्या मैत्रेयीने आणि मी मिळून पुसल्या. ब्रेनरबाईंनी कठड्याच्या खालून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि मान डोलावली. मग मैत्रेयीने पाटी काढून पुढच्याच्या दाराला लावली.

अल नहदा

माझा प्रवास तिथं संपला असं मला वाटलं होतं. पण मैत्रेयीने जुलैचं तिकीट बदललं आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात, वर्ग चालू असताना, सहा दिवसांसाठी ती शारजाला आली. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत सगळीकडे खोकी. बाल्कनीत बसून करक प्यायची तिची इच्छा तिने घामाच्या धारांत पूर्ण केली. सुहास तिच्या शेजारी बसून राहिला, दोन कप होईपर्यंत, आणि त्याला उन्हाचं काही वाटलं नाही.

चाव्या द्यायच्या दिवशी सकाळी मी उठले तर पुढचं दार उघडं होतं. दाराच्या मुठीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा लटकत होता, सामानाच्या खोक्याचा कापलेला. त्यावर मार्करने काढलेला झाडू.

मैत्रेयी कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसून लिफ्टपासून टाइल्स पुसत येत होती. जिथं तिची सायकल पहिल्यांदा पडली होती त्या शेवटच्या फ्लॅटपर्यंत तिला जायचं होतं. बशीरभाई स्वतःची बादली घेऊन भिंतीला चिकटून उभे होते.

"मॅडम," त्यांनी मला हळूच विचारलं, "सफाई में मुझसे कुछ गलती हो गया क्या?"

मी बोलायच्या आत मैत्रेयीनेच मान वर केली.

"नहीं बशीरभाई. आप बैठो. इस हफ़्ते हमारा नंबर है।"

त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी बादली उलटी केली आणि तिच्यावर ते बसले. मी आत गेले, खोक्यांमधून एक फडकं शोधून काढलं, भिजवलं आणि एक थेंब गळेनासा होईपर्यंत पिळलं. मग दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.